मेक्सिकोच्या किनाऱ्यावर हिवाळाभर बिऱ्हाड: बार्रा दे नाविदाद

सागरवेळा
आमच्या कॅलगरीच्या मंडळात हा विषय निघाला की दोन प्रश्न ठरलेले. "इतके दिवस तिथे करता काय?" आणि "खाता काय?" दर वेळी तोंडी उत्तरं देण्यापेक्षा एकदाच लिहून टाकते, मग लिंक पाठवायला मोकळी.

आम्ही दोघंही निवृत्त. जानेवारीत उणे पंचवीस झालं की गुडघे आणि गाडी एकाच सुरात कुरकुरायला लागतात. त्यामुळे नाताळ मुलांबरोबर करायचा आणि मग मार्चपर्यंत मेक्सिको, असं आता बसून गेलंय. कानकुन किंवा पुएर्तो वाल्यार्ताचं रिसॉर्ट नव्हे. मनगटाला पट्टा बांधून बुफेसमोर उभं राहायचं असेल तर हा धागा तुमच्या कामाचा नाही.

बार्रा दे नाविदाद हे गाव हालिस्को राज्याच्या पार दक्षिण टोकाला, पॅसिफिकवर आहे. पुढे समुद्र, मागे खाडी आणि मधल्या चिंचोळ्या वाळूच्या पट्टीवर गाव. मी गुहागरकडची, नकाशा बघूनच मला गाव कळलं. त्याच उपसागराच्या दुसऱ्या टोकाला सान पात्रिसियो मेलाके. दोन्हींच्या मधे अर्धवर्तुळाकार पुळण, पायी तासा-सव्वातासाची. सकाळी पाण्याच्या कडेने मेलाकेपर्यंत चालायचं, तिथे कॉफी घ्यायची आणि उन्हं चढली की लोकल बसने परत. जवळचा विमानतळ मान्सानियोचा, टॅक्सीने तासाभराच्या आत. ग्वादालाहाराहून बसने यायचं तर पाच-सहा तास धरा.

हवा नोव्हेंबर ते मे कोरडी. जानेवारीत दुपारी अठ्ठावीस-एकोणतीस, पहाटे सतरा-अठरा. पाऊस जवळजवळ नाहीच. वादळं येतात ती उन्हाळ्यापासून ऑक्टोबरपर्यंत. २०१५च्या ऑक्टोबरातलं पॅट्रिशिया याच किनाऱ्यावर, इथून थोडं उत्तरेला धडकलं होतं.

करतो काय? काही नाही. महाबळेश्वरला जाऊन पॉइंट मोजणाऱ्या आपल्या लोकांना हे पचायला जड जातं, माझ्या घरातल्यालाही गेलं. पण तिथे आम्ही फिरायला जात नाही, राहायला जातो. भाड्याचं दोन खोल्यांचं घर, गच्ची, गॅसची शेगडी, बाजूला घरमालकीण. सकाळी किनाऱ्यावर, मग बाजार, स्वयंपाक, दुपारची झोप, संध्याकाळी चौकातल्या बाकावर. बुधवारी मेलाकेचा आठवडी बाजार, गुरुवारी बार्राचा. त्या दोन दिवसांवर बाकीचा आठवडा टांगलेला असतो.

खाण्याचं सविस्तर पुढे लिहीन. विचारा.

शंकासुर
ताई, छान लिहिलंय, पण मी माझ्या नावाला जागतो. मान्सानियो कोलिमा राज्यात येतं. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने गेली काही वर्षं कोलिमाला चौथ्या पातळीवर ठेवलंय, म्हणजे थेट "जाऊ नका". हालिस्को त्याच्या एक पायरी खाली. तुम्ही विमानतळावर उतरता तेच कोलिमात. निवृत्त जोडप्यांना हे न सांगता माड आणि पुळण सांगणं बरोबर नाही.

मिसळपाव_डॅलस
शंकासुरांना अनुमोदन. शिवाय एक पैशाचा मुद्दा. सरकारने इशारा दिलेल्या भागात काही झालं तर बऱ्याच प्रवास विमा पॉलिसी हात वर करतात. बारीक अक्षरं वाचा.

सागरवेळा
शंकासुर, मुद्दा रास्त आहे, उडवून लावणार नाही. आम्ही पाळतो ते असं: दिवसा उतरणारं विमान, आधी ठरवलेली ओळखीची टॅक्सी, थेट गावात. रात्री महामार्गावर पाऊल नाही. गाडी भाड्याने घेत नाही, कोलिमा राज्यात भटकायला जात नाही. गावात रात्री नऊ-दहाला चौकातून घरी चालत येतो, बायका-मुलं बाहेर असतात. गावातले लोक काही गोष्टींबद्दल बोलत नाहीत आणि आपणही विचारू नये, एवढं तिथे लवकर कळतं. ज्यांना हे नको वाटेल त्यांनी जाऊ नये. विमा घेण्याआधी कॅनडा सरकारचा इशारा आणि पॉलिसीचं कलम दोन्ही शेजारी ठेवून वाचतो.

निवृत्तनाथ
धागाकर्तीचा नवरा. घरात बोलायची संधी मिळत नाही म्हणून इथे सदस्यत्व घेतलं.

वरचं वर्णन वाचून तुम्हाला तिथे शांतता असते असं वाटेल. अजिबात नसते. पहाटे चारला कोंबडे. सातला गॅसच्या सिलेंडरची गाडी भोंग्यावर तेच ते गाणं लावून. त्यामागून पाण्याच्या बाटल्यांची. मग कुणीतरी कर्णा लावून कोळंबी विकतं. शनिवारी कोपऱ्यावर लग्न असलं की ट्यूबा आणि ढोलांचा बांदा पहाटेपर्यंत. मी पहिल्या वर्षी तक्रार करायला निघालो होतो, घरमालकिणीने मलाच ताटात केक देऊन परत पाठवलं. आता कानात बोळे घालतो.

दुसरं, विंचू. त्या भागातले विंचू विषारी असतात, गंमत नाही. चपला झटकून घालायच्या, पलंग भिंतीपासून लांब ओढायचा, टॉवेल जमिनीवर टाकायचा नाही. चावलाच तर वाट न बघता दवाखाना. मेक्सिकोत उतारा बनतो आणि छोट्या गावातही उपचाराची सवय असते.

"काही करत नाही" हे तिचं वाक्य. मी सुरुवातीला रोज सकाळी वहीत यादी करायचो: आज काय बघायचं. ती यादी वाचून दाखवली की ही कूस बदलून झोपायची. निवृत्त झालेल्या माणसाला रिकामा दिवस समोर आला की ऑफिसला दांडी मारल्यासारखं वाटतं, त्याचं काय करायचं हा खरा प्रश्न आहे. माझं उत्तर डॉमिनो. चौकात दुपारी चारला टेबल लागतं. एक निवृत्त ट्रक ड्रायव्हर, एक न्हावी, सास्काचेवानचा एक शेतकरी आणि मी. स्पॅनिश मी तिथेच शिकलो, बहुतेक शिव्यांच्या बाजूने.

रानभाजी
वा काका! ताई, आता खाण्याचं लिहाच. आम्ही शाकाहारी, अंडंही नाही. उपाशी मरू का?

सागरवेळा
मरणार नाही, पण हॉटेलवर अवलंबून राहिलात तर वैतागाल. उसळीसारखे दिसणारे घेवडे बहुतेकदा डुकराच्या चरबीत परतलेले असतात. तांबडा भात कोंबडीच्या पाण्यात शिजवतात. विचारल्यावर "मांस नाही" असं प्रामाणिकपणे सांगतात, कारण त्यांच्या हिशोबात चरबी आणि रस्सा म्हणजे मांस नव्हेच. "सिन मान्तेका" आणि "सिन काल्दो दे पोयो" हे दोन शब्दप्रयोग पाठ करा.

म्हणून घर घ्या आणि शिजवा. बाजारात काय मिळतं ते ऐका. घोळ, ताजी, जुडीने. आपल्याकडे ती परसात उगवते नि कुणी विचारत नाही, तिथे टोमॅटिलोच्या (टोमॅटोसारखं हिरवं फळ) रश्शात घालतात. मी लसूण आणि मसुराची डाळ घालून करते. भोपळ्याची फुलं, त्यांची भजी. निवडुंगाची पानं काटे काढून, चिरून विकायला असतात. भेंडीसारखी तार सुटते, मिठाच्या पाण्यात उकळून धुतली की जाते. अंबाडीची वाळलेली बोंडं पोत्याने, त्याचं लालभडक सरबत प्रत्येक खाणावळीत. चिंचेचंही सरबत. राजगिऱ्याच्या लाह्यांची वडी रस्त्यावर मिळते, एकादशीची सोय झाली. उसाच्या रसाचा गूळ शंकूच्या आकाराच्या ढेपेत. हरभरे आणि मसूर दुकानात, तूर नाही. गोडा मसाला आणि हिंग घरून, कंपनीच्या सीलबंद पाकिटात. मोहरी, धने वगैरे सुटं बी नेऊ नका, कस्टममध्ये बियांची कटकट होते.

आणि मक्याच्या भाकऱ्या! मका चुन्याच्या पाण्यात उकळून, भिजवून मग दळतात. त्याने साल सुटतं, पिठाला चिकटपणा येतो आणि मक्यातलं जीवनसत्त्व अंगी लागतं. तोर्तियेरियाबाहेर, म्हणजे या भाकऱ्यांच्या दुकानाबाहेर, दुपारी एकला रांग लागते. घरचं फडकं घेऊन जायचं, अर्धा किलो सांगायचं, यंत्रातून उतरलेल्या गरम चवडीला मीठ लावून पहिली तिथेच उभ्याने खायची. फक्त मका, चुना, पाणी. बाकी काही नसतं.

रानभाजी
घोळ!!! मी निघाले.

खारवी
ताई, माडांबद्दल एक. तिकडे माडी काढतात का? कोलिमात काढतात असं कुठेतरी वाचलं होतं. आमचे आजोबा माडावर चढायचे म्हणून कुतूहल.

सागरवेळा
काढतात हो! तुबा म्हणतात. सकाळी माणूस खांद्यावर भोपळा किंवा डबा घेऊन फिरतो. ताजी गोड, वरून शेंगदाणे आणि सफरचंदाचे बारीक तुकडे घालून देतो. हे मला पटत नाही, मी शेंगदाण्यांशिवाय घेते. दुपारनंतर ती चढते. झाडावरचं काम एकदा मी मान वर करून बघत बसले. खाचा पाडलेला माड, कोवळी पोय बांधायची, टोकाला काप द्यायचा, खाली भांडं. आमच्याकडे भंडारी करत तसंच, पायरी न पायरी.

दप्तरखाना
तसंच असण्याला कारण आहे. तुम्ही ज्या गावात राहता तिथूनच २१ नोव्हेंबर १५६४ला मिगेल लोपेस दे लेगास्पी या स्पॅनिश सरदाराची जहाजं फिलिपिन्सला निघाली. पुढच्या वर्षी आंद्रेस दे उर्दानेताने उलट येण्याची वाट शोधली. आधी उत्तरेला जायचं, तिथले पश्चिमेकडचे वारे पकडून कॅलिफोर्नियाचा किनारा गाठायचा आणि मग खाली उतरायचं. त्यानंतर १८१५पर्यंत, म्हणजे अडीचशे वर्षं, मनिला ते अकापुल्को जहाज चालू होतं. त्यावरचे फिलिपिनो खलाशी या किनाऱ्यावर उतरले, काही पळाले, काही राहिले. माड लावणं, माडी काढणं आणि ती गाळून दारू करणं त्यांनी शिकवलं. सतराव्या शतकात ही नारळाची दारू इतकी खपायला लागली की स्पेनहून येणाऱ्या दारूचा धंदा बसेल म्हणून माड तोडायचे हुकूम निघाले. माड काही गेले नाहीत.

त्याच जहाजांनी माणसंही विकायला आणली. कातारिना दे सान हुआन ही भारतातून पळवून आणलेली मुलगी, कोचीन आणि मनिलामार्गे मेक्सिकोतल्या पुएब्ला शहरात पोचली आणि १६८८मध्ये तिथेच वारली. शहराने तिला संतीण मानलं. मेक्सिकोतला भारतीय माणूस म्हणजे फक्त आयटीवाला नव्हे.

खारवी
_/\_ याच्यासाठी धागे वाचतो.

टोरांटोची_मावशी
इतिहास झाला, आता कागदपत्रं. ऑन्टॅरिओचं आरोग्य कार्ड टिकवायचं तर कोणत्याही १२ महिन्यांत १५३ दिवस प्रांतात असावं लागतं. तुमच्या कॅलगरीकडे, म्हणजे अल्बर्टात, किती?

निवृत्तनाथ
१८३ दिवस. हा हिशोब मी ठेवतो, तिला सांगू नका पण अजून वहीत.

मावशी, त्याहून महत्त्वाचं कलम "स्थिर प्रकृती"चं. बीपी, साखर, हृदय असा जुना आजार असेल तर निघण्याआधी ठरावीक काळ, पॉलिसीप्रमाणे तीन किंवा सहा महिने, त्यात बदल झालेला नसावा लागतो. गोळीचा डोस वाढला तरी बदल, कमी झाला तरी बदल! डॉक्टरांनी नोव्हेंबरात कौतुकाने बीपीची गोळी अर्धी केली आणि जानेवारीत छातीत दुखलं, तर विमा कंपनी तोच कागद पुढे करते. आमच्या ओळखीत झालंय. डोस बदलला की विमा कंपनीला कळवायचं, लेखी उत्तर घ्यायचं.

मिसळपाव_डॅलस
अमेरिकेतल्यांसाठी: मेडिकेअर (ज्येष्ठांचा सरकारी आरोग्य विमा) मेक्सिकोत चालत नाही. काही मेडिगॅप (मेडिकेअरला जोडून घ्यायचा खासगी विमा) योजना परदेशातल्या तातडीच्या उपचाराचे ८० टक्के देतात, पण प्रवासाच्या पहिल्या ६० दिवसांत उद्भवलं तरच, आधी २५० डॉलर स्वतःचे, आणि आयुष्यभरात मिळून ५०,००० डॉलरपर्यंत. अडीच महिने राहणार असाल तर शेवटचे पंधरा दिवस उघड्यावर. वेगळा विमा घ्या, एअर अ‍ॅम्ब्युलन्ससकट.

कोथरूडकर
नमस्कार. आम्ही पुण्याचे, भारतीय पासपोर्ट. मुलगी ह्यूस्टनला, आमच्याकडे अमेरिकेचा दहा वर्षांचा व्हिसा. आम्हाला मेक्सिकोचा वेगळा व्हिसा लागेल का? आणि औषधं घेऊन जायची का?

मिसळपाव_डॅलस
काका, अमेरिकेचा वैध व्हिसा असेल तर मेक्सिकोचा पर्यटक व्हिसा वेगळा लागत नाही. परत अमेरिकेत शिरायचंय, तेव्हा मल्टिपल एंट्री आणि मुदत नीट बघा. मेक्सिकोत जास्तीत जास्त १८० दिवस देता येतात, पण किती द्यायचे ते तिथला अधिकारी ठरवतो. शिक्क्यावर आकडा बघितल्याशिवाय काउंटर सोडू नका, परतीचं तिकीट आणि घराचा पत्ता छापून हातात ठेवा.

सागरवेळा
औषधं मूळ पाकिटात, चिठ्ठीसकट. सर्दीच्या ज्या गोळ्यांत स्यूडोएफेड्रिन असतं त्या मेक्सिकोत बंद आहेत, त्या घरी ठेवा. तिथे बऱ्याच औषध दुकानांना लागूनच डॉक्टरची खोली असते. किरकोळ दुखण्याला तिथे जायचं, फी अगदी थोडी. अँटिबायोटिक २०१०पासून चिठ्ठीशिवाय मिळत नाही, "मेक्सिकोत काहीही मिळतं" ही जुनी गोष्ट झाली. पाणी वीस लिटरच्या बाटलीतलं, भाजी धुवायलाही तिथे जंतुनाशक थेंब मिळतात ते वापरा.

पुण्याला फोन करायचा तर रात्री आठला करा, तुमच्याकडच्यांचे सकाळचे साडेसात वाजलेले असतात. मेक्सिकोने २०२२मध्ये घड्याळ पुढेमागे करणं बंद केलं, सीमेलगतचा भाग सोडून. त्यामुळे हा फरक वर्षभर तोच.

शंकासुर
आणखी एक शंका, रागावू नका. तुमच्यासारखे हिवाळी पाहुणे डॉलर घेऊन आल्यावर गावातल्या मुलांना भाड्याचं घर परवडतं का?

सागरवेळा
रागावत नाही. परवडत नाही, असं आमच्या घरमालकिणीचा मुलगाच सांगतो. लग्न झाल्यावर तो आत, महामार्गापलीकडे राहायला गेला. समुद्राजवळची घरं सहा महिने आमच्यासारख्यांना, सहा महिने कुलूपबंद. मात्र त्याच्या आईचा वर्षाचा खर्च त्याच भाड्यातून चालतो, हेही तोच सांगतो. परदेशी माणसाला किनाऱ्यापासून ५० किलोमीटरच्या आत जमीन थेट स्वतःच्या नावावर घेता येत नाही, बँकेच्या ट्रस्टमार्फत घ्यावी लागते. तरी घेणारे घेतातच. आम्ही घेतलं नाही, घेणारही नाही. भाडं देतो, ते तिच्या हातात पडतं. एवढ्याने प्रश्न सुटतो असं मी म्हणणार नाही.

खारवी
किनारा तरी सगळ्यांना मोकळा आहे का?

दप्तरखाना
कायद्याने हो. भरतीच्या रेषेपासून २० मीटरचा पट्टा केंद्र सरकारचा, हॉटेल कितीही मोठं असलं तरी वाळू त्याची नाही. प्रत्यक्षात वाट अडवली की वाळू असून उपयोग काय? बार्राच्या उत्तरेला तेनाकातितावर २०१०मध्ये जमिनीच्या वादातून पोलिसांनी लोकांना बाहेर काढलं होतं आणि किनाऱ्याची वाट बराच काळ बंद होती.

वेळासवाली
मी इथे एरवी फक्त वाचते. कासवं दिसतात का हो तिकडे?

सागरवेळा
दिसतात आणि आपलीच! वेळासला येतात तीच ऑलिव्ह रिडले, तिकडे गोल्फिना म्हणतात. अंडी घालण्याचा मुख्य हंगाम पावसाळ्यात, पण जानेवारीतही उशिराची पिल्लं निघतात. कुयुतलानला कासव केंद्र आहे, पण ते कोलिमात, वर लिहिल्याप्रमाणे आम्ही जात नाही. आमच्या किनाऱ्यावर स्वयंसेवक अंडी कुंपणात हलवतात आणि संध्याकाळी पिल्लं सोडतात, तेव्हा जाऊन उभी राहते. पिल्लांना हात लावायचा नाही, मोबाइलचा फ्लॅश नाही. मेक्सिकोत कासवं मारायला आणि विकायला १९९०पासून बंदी आहे. त्याआधी कातड्यासाठी हजारोंनी मारत, हे न्हावीकाका डॉमिनो थांबवून सांगतात.

निवृत्तनाथ
डॉमिनो थांबवून नाही, हरायला लागला की सांगतो.

रानभाजी
सणवार काही?

सागरवेळा
६ जानेवारीला गोल गोड पाव कापतात, आत छोटी बाहुली लपवलेली. ज्याच्या तुकड्यात निघेल त्याने २ फेब्रुवारीला सगळ्यांना तामाले (मक्याच्या पिठाचे, सारण भरून वाफवलेले) खाऊ घालायचे. यंदा ह्यांच्या तुकड्यात निघाली. गल्ली खूश, कारण गल्लीला वाटलं आता आयते मिळणार. तामालेच्या पिठात चरबी असतेच. मी नारळाच्या तेलात पीठ मळलं, आत मिरची-चीज आणि थोड्यांत ओल्या नारळाचं गूळ घातलेलं सारण. मक्याच्या पानात गुंडाळून वाफवले. मोदकच, आकार सोडून. घरमालकिणीने दोन खाल्ले, "चरबी कुठाय?" म्हणाली आणि स्वतःचे चरबीवाले घेऊन आली. दोन्ही संपले.

मार्चमध्ये मेलाकेला सेंट पॅट्रिकची जत्रा, गावाच्या नावाचाच संत. रात्री बांबूच्या मनोऱ्यावर चक्रं फिरतात, शोभेची दारू. अंगावर ठिणग्या पडतात, सुती कपडे घाला. आणि बार्राच्या देवळातला येशू बघा. १९७१च्या सप्टेंबरात लिली वादळात मूर्तीचे दोन्ही हात खांद्यातून निखळून खाली आले आणि त्यानंतर वादळ ओसरलं, अशी गावाची श्रद्धा. हात तसेच लोंबते ठेवलेत.

कोथरूडकर
सौ. विचारतेय, कुकर न्यायचा का?

सागरवेळा
नका नेऊ. मेक्सिकोत घराघरात घेवड्यासाठी कुकर असतो, घर ठरवतानाच विचारा, मिळेल. फक्त त्याला आपल्यासारख्या शिट्ट्या होत नाहीत, वजन एकसारखं डुलत राहतं. घड्याळ लावून बसा. लाटणं मात्र न्या, तिथलं फार आखूड असतं. पोळ्यांची कणीक सुपरमार्केटात "इंतेग्राल" लिहिलेली मिळते, जाडसर असते, चाळून घ्या.